आईचं विसावं तारण

आईचं एकोणिसाव्यांदा तारण झालं, त्या रविवारी धाकट्याचा संयम सुटला.

सुटला म्हणजे त्याने आरडाओरडा केला असं नाही. देवाच्या घरात आवाज चढवायचा नाही, हे आईनेच शिकवलेलं. तो तिसऱ्या रांगेत दात आवळून बसला आणि पुढच्या खुर्चीच्या पाठीचे स्क्रू मोजत राहिला. चार होते. एक ढिला होता.

दर रविवारचा क्रम ठरलेला. उपदेश संपला की पियानो हळू आवाजात सुरू व्हायचा आणि पाळकसाहेब म्हणायचे, "ज्यांना आज आपलं जीवन प्रभूला द्यायचं आहे, त्यांनी हात वर करावा आणि पुढे यावं." आईचा हात वर. मग ब्याऐंशी वर्षांची आई गुडघ्यावर हात ठेवून उठणार, वाटेतल्या सगळ्यांच्या पायांवर पाय देत बाहेर पडणार आणि मधल्या वाटेने पुढे जाणार. पाळकसाहेब प्रार्थना करणार. ख्रिस्ती मंडळीचे एक वडील, म्हणजे पंच, तिच्या हातात पांढरं कार्ड, न चालणारं पेन आणि छोटी निळी पुस्तिका देणार. पुस्तिकेचं नाव 'नव्या जीवनाची पहिली पावलं'. धाकट्याच्या घरी अशा एकोणीस पुस्तिका झाल्या होत्या. डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली दोन होत्या, आणि त्याबद्दल त्याला अपराधी वाटणंही आता बंद झालं होतं.

पहिल्या वेळी लोकांचे डोळे पाणावले होते. तिसऱ्या वेळी कोणीतरी खोकलं. आता आई उठली की लोक घड्याळाकडे बघायचे.

धाकटा बावन्न वर्षांचा होता. थोरला चौदाव्या वर्षी तापाने गेला, त्याला त्रेचाळीस वर्षं झाली होती. पण याचं 'धाकटा' काही सुटलं नाही. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. मंडळीचं सभागृह एका फर्निचरच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर होतं आणि तिथली लिफ्टही तोच बघायचा. थोडक्यात, आईला दर रविवारी तारणापर्यंत वर नेण्याची आणि तिथून खाली आणण्याची संपूर्ण जबाबदारी त्याची होती.

"झालं का?" घरी आल्यावर बायकोने विचारलं. तिचे पाय सुजले होते म्हणून ती आली नव्हती.

"झालं."

"पुस्तिका?"

त्याने पुस्तिका टेबलावर आपटली.

"राहू द्या हो," ती म्हणाली. "कपाटाचाही एक पाय आखूड आहे."

मंगळवारी संध्याकाळी मंडळीचे दोन वडील घरी आले. दोघे एकत्र आले, हीच बातमी होती. ही दोन माणसं बारा वर्षं एका विषयावर भांडत होती. पहिले, निवृत्त टपाल कर्मचारी, यांचं म्हणणं असं की माणूस एकदा तारला गेला की तारला गेला. प्रभूच्या हातातून त्याला कोणी हिसकावून घेऊ शकत नाही, अगदी तो स्वतःसुद्धा सुटू शकत नाही. दुसरे शाळामास्तर. त्यांचं म्हणणं, तारण मिळतं फुकट, पण जपावं लागतं. पाठ फिरवली तर जातं. मंडळीत पहिल्यांना 'एकदाच काका' म्हणत आणि दुसऱ्यांना 'सांभाळा मास्तर'. दोघांनाही ही नावं माहीत होती आणि दोघांनाही ती स्तुती वाटायची.

"आईंबद्दल बोलायचं होतं," मास्तर म्हणाले. "त्या कुठे आहेत?"

"आत. पडल्यात जरा."

"समितीची बैठक झाली," एकदाच काका म्हणाले. "निर्णय एकमताने झाला."

"तुमच्या दोघांचं एकमत?"

"हो," मास्तर जरा अवघडून म्हणाले.

निर्णय असा होता : आईंनी खुशाल उपासनेला यावं, पण आवाहनाच्या वेळी पुढे जाऊ नये. धाकट्याने तिला बसवून ठेवावं. बसत नसेल, तर उपदेश संपायच्या आत खाली न्यावं.

"तीन नव्या मुलांनी पाळकसाहेबांना विचारलं," काका सांगू लागले, "की तारण दर आठवड्याला उतरतं का म्हणून. रंग आहे का तो? प्रभूने काम पूर्ण केलंय. झालेलं काम पुन्हा करायला सांगणं म्हणजे त्याच्या कामात खोट काढणं."

"माझा मुद्दा वेगळा आहे," मास्तर लगेच म्हणाले. "यामुळे लोकांना वाटेल, आठवडाभर पापात पडा आणि रविवारी उठा. पश्चात्ताप एवढा स्वस्त नसतो."

"म्हणजे तुमचं अजूनही पटत नाहीच," धाकटा म्हणाला. "फक्त माझ्या आईने खाली बसावं, एवढ्यावर पटलंय."

बायकोने चहा आणून ठेवला आणि तिथेच उभी राहिली. करमणूक तिला सोडवत नव्हती.

"मी तुम्हाला माझ्या कामातलं सांगतो," धाकटा म्हणाला. त्याला शहाणपणाने घ्यायचं होतं. "लोक लिफ्टमध्ये शिरले की आतला दांडा घट्ट धरतात. त्या दांड्याने काहीही धरलेलं नसतं. दोर तुटले तर केबिनच्या खाली लोखंडी जबडे असतात, ते रुळांचा चावा घेतात आणि केबिन जागच्या जागी थांबते. आतल्याने दांडा धरलाय की सोडलाय, जबड्यांना त्याचं काही नसतं. आईला मी हे समजावणार आहे, की तू धरलंयस म्हणून तू वर नाहीस."

"वा!" एकदाच काकांनी मांडीवर थाप मारली. "याला म्हणतात दाखला! मास्तर, ऐकलंत?"

"ऐकलं. आणि आतल्याने दार उघडून उडी मारली तर?"

"चालत्या लिफ्टचं दार उघडत नाही," धाकटा म्हणाला.

"ऐका!" काका.

"बरं, मग पहिल्या मजल्यावर थांबली, तिथे हा शांतपणे उतरला आणि जिन्याने खाली निघून गेला तर? तुमचे जबडे त्याच्या मागे जिन्याने धावतील का?"

धाकट्याने चहाचा कप पुढे सरकवला. बायको फिस्सकन हसली.

"ते जाऊ द्या," तो म्हणाला. "लिफ्ट म्हणजे लिफ्ट. मला एका वाक्यात सांगा. माझी आई तारलेली आहे की नाही? थोरला गेल्यावर अकरा महिने ती मंडळीत आली नव्हती. तुम्हाला दोघांनाही माहीत आहे. त्यानंतर आली, आणि तीस वर्षं तिने रविवारच्या शाळेत तुमच्याच पोरांना शिकवलं. तर आता बोला. आहे की नाही?"

"अर्थातच आहे," काका म्हणाले. "एकदा झालं की झालं." मग ते क्षणभर थांबले. थांबले नसते तर बरं झालं असतं. "म्हणजे, मुळात खरोखर झालं असेल तर. कारण जो पूर्णपणे पाठ फिरवतो, त्याचं पहिल्यापासून झालेलंच नसतं असंही असू शकतं. त्या अकरा महिन्यांत त्यांच्या मनात नेमकं काय होतं, ते..."

"म्हणजे जात नाही, पण कदाचित नव्हतंच?"

"तसं नाही..."

"मास्तर, तुमचं?"

"त्या परत आल्या ना, मग ठीकच आहे," मास्तर चहाच्या कपात बघत म्हणाले. "मात्र तारणाची चव घेऊन मागे फिरणाऱ्याबद्दल शास्त्रात फार कडक शब्द आहेत. मी ते आईंना लावत नाही. पण आहेत."

"म्हणजे एक म्हणतो, हरवत नाही पण बहुधा मिळालंच नव्हतं. दुसरा म्हणतो, मिळालं होतं पण बहुधा हरवलं." धाकट्याने हात जोडले. "धन्य आहे. आणि असल्या घोळात त्या बाईने गप्प बसून राहायचं."

आतल्या दारात आई उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. पातळाचा पदर नीट, केस विंचरलेले, जणू बाहेर जायचंय.

"कोणाचं चाललंय?" तिने विचारलं.

"कोणाचं तरी, आई. तू ओळखत नाहीस."

"हरवलं म्हणालास ना?"

"कोणाचं तरी."

"मग त्याला सांग, घाई कर म्हणावं," आई म्हणाली आणि पुन्हा आत गेली.

दोन्ही वडिलांनी चहा भराभर संपवला. जाताना एकदाच काकांनी एक पाकीट दिलं. त्यात आईची एकोणीस कार्डं होती. वार्षिक अहवालात नवे विश्वासी म्हणून ती धरायची की नाही, यावर समितीत वाद झाला होता. तेव्हा मुळात कार्डंच नकोत, असा तोडगा निघाला होता.

पाकिटावरूनच धाकट्याला युक्ती सुचली. लिफ्टच्या प्रत्येक यंत्रखोलीत तपासणीचं कार्ड टांगलेलं असतं. तारीख, सही, तारीख, सही. कुणाला शंका आली की कार्ड दाखवायचं : हे बघा, बघितलेलं आहे. आईच्या डोक्यात राहत नसेल, तर कागदावर राहील. तिचंच अक्षर, तिचीच सही. आणखी काय पाहिजे?

बुधवारी सकाळी त्याने एकोणीसच्या एकोणीस कार्डं जेवणाच्या टेबलावर तारखेप्रमाणे मांडली आणि आईला खुर्चीत बसवलं.

"हे अक्षर कोणाचं?"

आईने चष्मा चढवला. जन्मभर तिने शिवणकामाच्या कारखान्यात शर्टांची काजं केली होती. अक्षरही तसंच, बारीक, एकसारखं, एकही टाका न सुटलेलं. "माझं."

"या कोणाच्या सह्या?"

"माझ्याच."

"मग बघ. तू प्रभूकडे गेलेली आहेस. एकदा नाही, एकोणीसदा. लेखी आहे. आता भ्यायचं कारण नाही. खरं की नाही?"

आईने कार्डं मोजली. पहिल्यापासून शेवटपर्यंत बोट ठेवत मोजली, आणि तिचा चेहरा पांढरा पडत गेला.

"मी एकोणीस वेळा पडले?"

धाकट्याने कपाळाला हात लावला. "पडली नाहीस गं! गेलीस!"

"पडल्याशिवाय कोण पुन्हा जातं?" तिने पुन्हा पहिल्या कार्डावर बोट ठेवलं. "एकोणीस वेळा? आणि मला एकदाही कळलं नाही?"

"आई, ऐक..."

"मी पाळकांना दारातून परत पाठवलं होतं. तोंडावर सांगितलं, तुमचा देव तुमच्याकडेच ठेवा, माझ्या घरात त्याला जागा नाही. थोरल्याचे कपडे अजून दोरीवर वाळत होते रे. मी म्हटलं ते. माझ्या तोंडाने म्हटलं."

"त्याला त्रेचाळीस वर्षं झाली! नंतर तू परत गेलीस!"

"कधी?"

"कधी म्हणजे? गेलीस ना!"

"मला आठवत नाही," आई म्हणाली. आणि ती रडायला लागली, आवाज न करता, लहान मुलासारखी हाताच्या पालथ्या बाजूने डोळे पुसत.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, नवं आधी जातं, जुनं शेवटपर्यंत राहतं. त्यांनी हे सांगितलं नव्हतं की जुन्यातलंही नेमकं कुठलं राहील ते आपल्या हातात नसतं. नकार राहिला होता. पुढची तीस वर्षं रविवारच्या शाळेतल्या पोरांसकट पुसली गेली होती.

बायकोने सासूला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि मग नवऱ्याकडे वळली. "लेखी पुरावा म्हणे! तिला काय कोर्टात उभं केलंय?" कार्डं गोळा करता करता ती थबकली. "अहो, हे पाहिलंत?"

कार्डावर तारीख आणि सहीच्या वर चार ओळी होत्या. नाव. पत्ता. तिसऱ्या ओळीत दोन चौकोन, 'पहिल्यांदाच' आणि 'परत आले'. आईने एकोणीसही वेळा दुसऱ्या चौकोनात खूण केली होती. शेवटची ओळ : 'तुम्हाला इथे कोणी आणलं?' तिथे एकोणीसही वेळा एकच शब्द होता. धाकट्याने.

"मग कोण आणणार?" तो करवादला. "पेट्रोल माझं, लिफ्ट माझी."

रविवारी आईला घरी ठेवायचा विचार त्याने केला होता. पण ती सकाळी सहालाच तयार होऊन दारापाशी बसली होती. नेलं. सभागृहात तिला भिंतीकडेच्या खुर्चीवर बसवलं, स्वतः तिच्या शेजारी बसून वाट अडवली, आणि बायकोला पलीकडे बसवलं. मंगळवारी जाता जाता दोन्ही वडिलांनी त्याच्याकडून तसा शब्दच घेतला होता. शिवाय, खरं सांगायचं तर, विसाव्या वेळी मान खाली घालायची त्याच्यात ताकद उरली नव्हती.

उपदेश हरवलेल्या मेंढरावर होता. यापेक्षा वाईट विषय निवडणं पाळकसाहेबांना जमलं नसतं. पियानो सुरू झाला. धाकट्याने आईचा उजवा हात आधीच आपल्या हाताखाली, तिच्या मांडीवर धरून ठेवला होता.

"ज्यांना आज..." पाळकसाहेब म्हणाले.

त्याच्या तळव्याखाली तो हात हलला. त्याने दाबला. आईने जोर लावला. सुईधाग्याने कमावलेली बोटं, अजून चिवट होती. त्याने आणखी दाबला. पुढच्या रांगेतून सांभाळा मास्तरांनी मागे वळून पाहिलं आणि पसंतीची मान हलवली. धाकट्याला त्या मानेचा मनस्वी राग आला, पण हात त्याने सोडला नाही.

"सोड," आई म्हणाली.

"बस, आई. आज नको."

"सोड रे. दुखतंय."

"थोडाच वेळ. मग घरी जाऊ."

आईने त्याच्याकडे पाहिलं. चुकल्यासारखं नाही, घाबरून नाही. ती चिडली होती. कित्येक महिन्यांत त्याने तिला एवढं शुद्धीत पाहिलं नव्हतं.

"तूच तर आणलंस ना मला?" ती म्हणाली. कुजबुजत नव्हती, चार रांगांना ऐकू जात होतं. "थोरल्याचे बूट घालून एकटाच निघाला होतास. मोठे होत होते तुला. पायऱ्यांवर ठेचकाळलास. मी म्हटलं, मी येणार नाही, तू जा. तर म्हणालास, आत नको येऊस, नुसता हात धर, नाहीतर मी पडेन. म्हणून धरला मी. दारापर्यंत. दारात आल्यावर तू सोडलाच नाहीस. ओढत नेलंस आत. आणि आता आत आल्यावर मलाच दाबून बसवतोस?"

बूट धाकट्याला आठवत होते. तपकिरी, पुढे वर्तमानपत्राचा बोळा कोंबलेला. त्या वर्षाचं एवढंच त्याच्याकडे शिल्लक होतं. पायऱ्या नव्हत्या, हात नव्हता, आईला आत नेल्याचं तर नावही नव्हतं. नऊ वर्षांचा होता तो. विसरण्याचा रोग घरात आईला आहे असं तो सगळ्यांना सांगत फिरत होता.

"हे मला आधी कधी सांगितलं नाहीस," तो कसाबसा म्हणाला.

"कार्डावर विचारतात ना. लिहिणारच आहे."

तेव्हा त्याच्या लक्षात आलं. आई एकोणीस वेळा पडून एकोणीस वेळा उठली नव्हती. तिची आठवण त्या दाराशीच संपत होती. दर रविवारी ती त्याच एका रविवारी यायची, नऊ वर्षांच्या पोराचा हात धरून, आणि दर वेळी पुढे जायचं तेवढं राहिलेलं असायचं. नकार तिला आठवत होता हे खरं. पण आठवणीत ती पाठमोरी उभी नव्हती. ती चालत होती.

त्याने हात उचलला.

आई उठली. तोही उठला, कारण तोच वाटेत बसला होता; आणि उठल्यावर पुन्हा बसणं त्याला जमलं नाही. दोघं मधल्या वाटेने पुढे गेले. लोकांनी घड्याळाकडे पाहिलं की नाही, ते त्याने पाहिलं नाही.

"भाऊ, आपलं ठरलं होतं," पुढे उभ्या असलेल्या एकदाच काकांनी दातांतल्या दातांत म्हटलं.

"ठरलं होतं. कार्ड द्या, काका."

"अहो पण यांचं झालेलं आहे! त्रिवार झालेलं आहे!"

"मग एक कार्ड दिल्याने ते जाणार आहे का?"

काकांनी उत्तर शोधलं. त्यांच्याच बारा वर्षांच्या सिद्धांतात ते कुठेच सापडेना. तोवर मास्तर उठून आले होते. "आणि मी काय म्हणत होतो? याने चुकीचा पायंडा..."

"मास्तर," धाकटा म्हणाला, "परत येतेय ती. तुम्हाला हेच हवं असतं ना? मग रस्त्यातून बाजूला व्हा."

पाळकसाहेब दमलेले गृहस्थ होते. ते पायरीवरून खाली उतरले आणि वाकले. "बाई, काय हवंय तुम्हाला?"

"परत यायचंय."

"या," पाळकसाहेब म्हणाले, आणि तिचे दोन्ही हात हातात घेऊन त्यांनी प्रार्थना केली; लांब नाही, चार वाक्यं. आईने 'आमेन' म्हटलं तेव्हा तिचे खांदे खाली आले. दर वेळी येत असणार. धाकटा आजवर तिसऱ्या रांगेत स्क्रू मोजत असायचा, त्यामुळे त्याने ते पाहिलं नव्हतं.

काकांनी कार्ड पुढे केलं, पेनही.

"पेन असू द्या, चालत नाही ते," धाकट्याने खिशातलं स्वतःचं काढून आईला दिलं. तिने नाव लिहिलं, पत्ता लिहिला. दुसऱ्या चौकोनात खूण केली. शेवटच्या ओळीवर तिने लिहिलं ते त्याने वाचलं नाही. माहीत होतं.

मागे मास्तर आणि काका एकमेकांकडे वळले होते आणि विसावं कार्ड अहवालात धरायचं की नाही, यावर बारा वर्षांचा वाद नव्या जोमाने सुरू झाला होता. कोणी जिंकण्याची चिन्हं नव्हती. पुस्तिका बायकोने निमूटपणे पर्समध्ये टाकली. "कपाटाला," ती म्हणाली.

लिफ्टमध्ये शिरल्याबरोबर आईने दांडा घट्ट धरला.

"तो नुसता शोभेचा आहे, आई," धाकटा सवयीने म्हणाला. "आपल्याला खालून धरलेलं असतं."

"माहितेय. तू सांगितलं होतंस." तिने दांडा सोडला नाही. "तरी धरते."

"धर."

केबिन खाली निघाली. पहिला मजला गेला. आईने छताच्या दिव्याकडे पाहिलं, मग दाराकडे, मग त्याच्याकडे. आणि तिच्या कपाळावर ती ओळखीची आठी उमटली.

"आज रविवार ना रे? उपासनेला उशीर तर नाही झाला आपल्याला?"

धाकट्याने डोळे मिटले. दहापर्यंत मोजायचं ठरवलं आणि चारवरच सोडून दिलं.

"नाही," तो म्हणाला. "वेळेवर आहोत."